गर्भाशयावर हुकूम नको, आकड्यांवर हक्क हवा

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. बौद्धांची संख्या घटत चालली आहे, बाकीचे वाढत आहेत, आपण मात्र एका-दोन लेकरांवर थांबतो, तेव्हा जागे व्हा आणि किमान तीन अपत्ये जन्माला घाला, असा त्याचा आशय. वर निळा झेंडा आणि खाली जास्तीत जास्त शेअर करण्याची विनंती. नाशिकच्या वस्त्यांत काम करताना आम्ही हेच बोलणे शिकलेल्या, संघटनेत पद असलेल्या तरुणांच्या तोंडून ऐकतो. बोलणारे बहुतेक पुरुष असतात. नऊ महिने ओझे वाहायचे आहे बायकोने, आणि ठराव मांडतो नवरा!

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाता कामा नये, म्हणजे दोनाहून जास्त मुले हवीत, असे सांगितले. तेव्हा आपल्याच तरुणांनी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली होती. आज तेच तरुण तोच माल निळ्या कागदात गुंडाळून पुढे पाठवत आहेत. झेंड्याचा रंग बदलला म्हणून विचार बदलत नाही. बाईचे पोट ही जमातीची मालमत्ता आहे, हा विचार मनूचाच आहे. तो आपल्या घरात शिरला तरी मनूचाच राहतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. कमी मुले काढा म्हणून दटावणारे सरकार आणि जास्त मुले काढा म्हणून चिथावणारे आपले बंधू, दोघेही एकाच जागी हुकूम चालवू पाहतात. आपल्याला मुले वाढवायची गरज नाही. आपली कुटुंबे मोजणारे, त्या आकड्यांचा अर्थ लावणारे आणि चुकीच्या आकड्याला आव्हान देणारे लोक आपल्यातून उभे करायची गरज आहे.

आधी आकडे नीट वाचू. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख ४३ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार, म्हणजे चारांतले तीनहून अधिक, महाराष्ट्रात आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची फक्त ६.१ टक्क्यांनी. मेसेजमध्ये फिरतो तो हाच ६.१. त्याच्या जोडीला दुसरा आकडा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाचा एकूण जननदर २ निघाला आणि बौद्धांचा १.३९, साऱ्या धर्मसमूहांत सर्वांत कमी. एकूण जननदर म्हणजे आज ज्या वयाच्या बायांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत तेच प्रमाण कायम धरले, तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुले होतील तो आकडा.

आता सांगा, हा आकडा छाती पिटण्याचा आहे का? ज्या समाजाला गावाबाहेर ठेवून वर 'यांना पोरंच फार' असे पिढ्यान् पिढ्या हिणवले, त्या समाजाने देशातला सर्वांत कमी जननदर गाठला. तोही कुणाच्या धाकाने नव्हे. त्याच २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के आहे, देशाची ७३. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे देशात ९१८ मुली, बौद्धांत ९३३. पैशाने पुढारलेल्या समाजांचे आकडे काढून पाहा. जैनांत ८८९, शिखांत ८२८. मुलगी शिकली, तिचे लग्न उशिरा झाले, झालेले लेकरू जगू लागले, की घर आपोआप लहान होते. जगभर हेच घडले आहे. १.३९ मागे आपल्या आया-बहिणींचे शिक्षण आणि कष्ट उभे आहेत. त्याला संकट म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

पण संख्याच हवी आहे ना? मग संख्या कशाने बदलते तेही बघा. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्रात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते झाले सुमारे २८ लाख. दहा वर्षांत अडीच हजारांचे अठ्ठावीस लाख, आणि त्यासाठी कुणी एकही जास्तीचे बाळ जन्माला घातले नाही! १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, आणि प्रगणक दारात आल्यावर लोकांनी धर्म म्हणून 'बौद्ध' सांगितले. दुसरे उदाहरण अलीकडचे. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची लोकसंख्या २००१ मध्ये ९८ लाख ८२ हजार होती, २०११ मध्ये ती १ कोटी ३२ लाख ७६ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत ३४ टक्के वाढ! त्याच काळात राज्य वाढले १६ टक्क्यांनी. जननदर घसरत असताना बाळंतपणांनी कुठलाही समाज दहा वर्षांत ३४ टक्के वाढत नसतो. याचा उलगडा जन्मात नाही, नोंदीत शोधावा लागतो. कुणी जात सांगितली, कुणी गाळली, प्रगणकाने काय लिहिले, यादीत काय बदलले. जे काम पाळण्याला पन्नास वर्षांत जमणार नाही, ते रकान्यातल्या एका शब्दाने होते.

हे ज्याला कळते त्याला लोकसंख्याशास्त्रज्ञ म्हणतात. आणि आपल्याकडे नेमका तोच नाही.

हे शास्त्र काय करते आणि ते करणाऱ्याचे आयुष्य कसे जाते, याचे उदाहरण शोधायला दूर जायची गरज नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ संचालक असताना कुमुदिनी दांडेकर नावाच्या एक संशोधक काम करत होत्या. १९५३ मध्ये त्यांनी आणि वि. म. दांडेकरांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मरणाची पाहणी प्रसिद्ध केली. १९५५ मध्ये त्यांनी आणि एन. व्ही. सोवनी यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननक्षमतेची पाहणी प्रसिद्ध केली. होय, आपला नाशिक जिल्हा. ज्या जिल्ह्यात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला, ज्या जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले, त्याच जिल्ह्यातल्या घरांत धम्मदीक्षेच्या आधी हे काम चालले होते. वय किती, लग्न कितव्या वर्षी झाले, किती मुले झाली, किती जगली, किती गेली, असे प्रश्न अशा पाहणीत घरोघर जाऊन बाईला विचारावे लागतात. उत्तरे सोपी नसतात. गेलेले लेकरू आई मोजत नाही असे नाही, पण परक्या माणसासमोर ते तोंडावर येत नाही. जन्मतारखा कुणाकडे नसतात. दुष्काळ, पूर, साथ, सण यांच्या आधाराने वर्षे जुळवावी लागतात. जननदराच्या एका दशांश आकड्यामागे एवढी मेहनत असते.

दांडेकरबाईंनी पुढे काय काय हाती घेतले, तो क्रम पाहण्यासारखा आहे. १९६३ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या पुरुष नसबंदीच्या शिबिरांवर 'पॉप्युलेशन स्टडीज' या नियतकालिकात लिहिले. १९७५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी भारताच्या लोकसंख्येत स्त्रियांचे प्रमाण का घटते आहे, हा प्रश्न मांडला. १९८३ मध्ये रोजगार हमी योजनेवरचे त्यांचे पुस्तक आले, ते त्या योजनेने बायांना काय काम दिले यावर. आणि १९९६ मध्ये आले देशातल्या वृद्धांवरचे पुस्तक. बाळंतपणापासून सुरू झालेला अभ्यास नसबंदीच्या टेबलावर गेला, तिथून हरवलेल्या बायांकडे, तिथून दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या हातांकडे आणि शेवटी म्हातारपणाकडे. एका बाईचे अख्खे आयुष्यच झाले ते! 'मुले किती' एवढ्या प्रश्नापासून सुरुवात करणाऱ्या संशोधकालाही पुढे 'बाई जगते कशी' हे विचारावे लागले. लोकसंख्या म्हणजे नुसती डोकी नव्हेत, हे या कारकिर्दीने दाखवले.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली ती स्थापन झाली आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तीच पाहते. त्या संस्थेत काम केलेल्या मालिनी कारकल यांनी पुढे लोकसंख्या नियंत्रणाच्या सरकारी धोरणावरच टीका केली. गरिबीचे खापर गरीब बाईच्या पोटावर फोडू नका, असा त्यांचा लढा होता. म्हणजे हे शास्त्र सरकारच्या चाकरीतच मरते असे नाही. आत शिरून त्याला जाब विचारता येतो.

या विदुषींच्या कामाबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सत्तर वर्षे झाली, आपल्या आज्या आणि आया अशा पाहण्यांत उत्तरे देत आल्या. प्रश्न तयार करणाऱ्यांच्या टेबलाशी त्यांच्या नाती किती बसल्या? कोणता प्रश्न विचारायचा, कोणता गाळायचा, तक्ता कशाचा करायचा, हे जो ठरवतो तो अर्धी लढाई तिथेच जिंकतो. आपण एम.ए.ला समाजशास्त्र घेतो, माल्थसचे टिपण पाठ करतो, भेंडे-कानिटकरांचे पुस्तक परीक्षेपुरते चाळतो आणि मग एमपीएससीच्या रांगेत उभे राहतो. लोकसंख्याशास्त्र हा आपला विषय आहे असे आपल्याला कुणी सांगितलेच नाही.

तो आपलाच विषय आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातींवरचा निबंध वाचला. त्याचा गाभा काय? जात म्हणजे बंदिस्त विवाह. आणि विवाह बंदिस्त ठेवायचा तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळायला हवी. नवरा मेला की एक बाई जास्तीची होते, बायको मेली की एक पुरुष जास्तीचा होतो. जास्तीच्या बाईचे करायचे काय? तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोंडून ठेवा. जास्तीच्या पुरुषाला लहान मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांच्या मुळाशी संख्येचा हा हिशेब आहे, असे बाबासाहेबांनी दाखवले. हे लोकसंख्याशास्त्र नाही तर काय आहे? स्त्री-पुरुष संख्येचे गणित आणि जातीची क्रूरता त्यांनी एका धाग्यात ओवली. हा वारसा आपण भाषणात सांगतो, अभ्यासात चालवत नाही.

मुलांच्या संख्येबद्दलही बाबासाहेबांची भूमिका लपलेली नाही. 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठी बाबासाहेबांनी भाषण तयार केले होते. बाळंतपणाच्या यातना पुरुषांना भोगाव्या लागल्या असत्या तर एकापलीकडे मुलाला कुणी तयार झाला नसता, असा त्यातला मुद्दा. ठराव फेटाळला गेला. पण त्यात ते कुणाच्या बाजूने उभे होते ते पाहा. संततिनियमन हे बाईच्या प्रकृतीसाठी, तिच्या इच्छेसाठी आणि घरातल्या दारिद्र्याशी लढण्यासाठी आहे, असे ते मांडत होते. ज्यांना तीन मुलांचा मेसेज बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायचा आहे, त्यांनी आधी हे भाषण वाचावे.

आता हुकुमाची दुसरी बाजू. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. सक्ती गेली, पण भार बाईवरच राहिला. राज्यात निम्म्याच्या आसपास विवाहित बायांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण एक टक्कासुद्धा नाही. नंतर निवडणुकीची अट आली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायतीची उमेदवारी बाद. २००५ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र लागते, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वरून हा नियम सर्वांना सारखा दिसतो. पण राखीव जागेमुळे ज्या घरातली बाई पहिल्यांदा सरपंच होऊ शकते, त्या घरात मुलगा हवा म्हणून तिसरे मूल होण्याचा निर्णय तिचा असतो का? निर्णय सासरचा आणि शिक्षा तिला! तीन मुलांचा मेसेज पाठवणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी हेही सांगावे, की उद्या तुमच्या म्हणण्यावरून तिसरे मूल झालेल्या भगिनीची उमेदवारी बाद झाली, तर भरपाई कोण देणार?

आणि मोजले नाही तर काय होते तेही ऐका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढली जातात, ही कुजबुज अनेक वर्षे होती. २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर पाहणी आली तेव्हा सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. उचल घेतलेली, पाळीच्या दिवसांत खाडा केला तर दंड, फडात ना पाणी ना आडोसा. कुजबुजीला उत्तर द्यावे लागत नाही, आकड्याला द्यावे लागते. मोजणीची ताकद ही आहे.

मेसेजवाल्या मित्रांचा सर्वांत भक्कम मुद्दा आम्ही टाळणार नाही. ते म्हणतात, लोकशाहीत डोकी मोजली जातात. पुढच्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना होईल. संख्या कमी तर सत्ता कमी. मुद्दा गंभीर आहे, पण हिशेबात टिकत नाही. एक, अनुसूचित जातींच्या राखीव जागा बौद्धांच्या संख्येवर ठरत नाहीत, अनुसूचित जातींच्या एकूण संख्येवर ठरतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा दिला आहे. म्हणजे धर्म बौद्ध लिहून जातीचा रकाना मोकळा सोडला, तर घट तिथेच झाली. दोन, आज जन्मलेले मूल अठरा वर्षांनी मतदार होते. रकान्यातली नोंद त्याच दिवशी मोजली जाते. तीन, आपल्याच संख्येची जागा आपण किती भरतो? अनुसूचित जातींमधल्या इतर जातींशी, आदिवासींशी, ओबीसींशी नाते जोडले तर संख्या एका सभेत वाढते. नाशिक जिल्ह्यात २०११ मध्ये अनुसूचित जाती ९ टक्के आणि अनुसूचित जमाती साडेपंचवीस टक्क्यांवर आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकमधल्या आदिवासी भावाबहिणींच्या प्रश्नावर उभे न राहता ज्याला फक्त पाळणे वाढवून सत्ता हवी आहे, त्याला चळवळ नको आहे, टोळी हवी आहे.

जनगणना आता दारात आहे. २०२१ ची टळली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा सर्व जातींची गणना होणार आहे. त्याच काळात नाशिकची सारी यंत्रणा सिंहस्थाच्या तयारीत गुंतलेली असेल. घाटांवर माणसे मोजायला कॅमेरे असतील. आपल्या वस्तीतले भाडेकरू, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे, एकट्या राहणाऱ्या बाया, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर गेलेले तरुण यांची मोजदाद नीट होते का, हे कोण पाहणार? आपणच.

म्हणून तरुण मित्रांनो, तीन मुलांचा संकल्प सोडा आणि हे तीन संकल्प करा. पहिला, प्रत्येक विहारात जनगणनेची कार्यशाळा. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध', जातीच्या रकान्यात आपल्या प्रमाणपत्रावरची जात, आणि प्रगणकाने काय लिहिले ते आपल्या डोळ्यांनी पाहणे. जात लिहायला मन धजत नाही हे आम्ही समजतो. पण रोग मिटवायचा असेल तर रोग्यांची गणना करावीच लागते. दुसरा, प्रत्येक वस्तीची आपली स्वतःची पाहणी. किती घरे, लग्नाचे वय किती, किती बायांची पिशवी काढली, किती म्हाताऱ्यांना निराधार योजनेचे पैसे येतात. वही आणि चार प्रामाणिक मुली पुरेशा आहेत. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, दरवर्षी जिल्ह्यातून निदान दोन विद्यार्थी लोकसंख्याशास्त्राकडे पाठवणे, त्यातली एक मुलगी. देवनारच्या संस्थेची प्रवेश परीक्षा, संख्याशास्त्राचा पाया, फेलोशिपचे अर्ज यासाठी मदत उभी करणे. जयंतीच्या डीजेचा एका वर्षाचा खर्च यासाठी बाजूला काढला तरी भागेल.

दहा वर्षांनी नाशिक जिल्ह्याची पुन्हा पाहणी होईल तेव्हा प्रश्नावली घेऊन दारात येणारी मुलगी आपल्या वस्तीतली असावी, आणि अहवालावर तिचे नाव असावे. ती किती मुलांना जन्म देते हे विचारण्याचा अधिकार ना सरकारला आहे, ना संघाला, ना आपल्या पदाधिकाऱ्यांना. तो निर्णय तिचा. शिका, मोजा आणि जाब विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!